रबराची सहा पाती

मोटारगाडीत रेडिएटर असतो हे आपल्याला ठाऊक आहे. होडीच्या मागच्या फळीला अडकवायच्या इंजिनाला, म्हणजे आउटबोर्ड मोटरला, रेडिएटर नसतो. ज्या तळ्यात होडी चालते त्याच तळ्याचं पाणी खालून ओढायचं, इंजिनाच्या अंगातून फिरवायचं आणि पुन्हा तळ्यात सोडायचं, असा साधा हिशेब. हे पाणी वर चढवणाऱ्या पंपाच्या पोटात रबराचं एक छोटं चक्र असतं. मध्ये धातूचा तुंबा आणि भोवती बहुधा सहा पाती. त्याला इम्पेलर म्हणतात. किंमत इंजिनाच्या मानाने अगदीच चिल्लर, पण ते निकामी झालं आणि वेळेत कळलं नाही तर इंजिन तापून कायमचं बसतं.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी होडी बहुधा एकाकडेच आहे, माझ्या भाच्याकडे. तो विस्कॉन्सिनमध्ये असतो. वसंत आला की तिकडे तळी मोकळी होतात आणि लोक होड्या बाहेर काढतात. "मामा, आज इम्पेलर बदलला," असं तो फोनवर म्हणाला. मी आपला मराठीत बी.ए. झालेला माणूस. शब्द नवा होता म्हणून शोधायला बसलो आणि चार दिवस त्यातच गेले.

गंमत म्हणजे आउटबोर्ड मोटरची कथा विस्कॉन्सिनचीच निघाली. ओले एव्हिनरूड १८७७ साली नॉर्वेत जन्मला आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर तिकडे गेला. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. (शाळेत माझी पस्तीस वर्षं गेली, तरी अशी माणसं भेटली की मला बरं वाटतं.) पुढे मिलवॉकीत तो साचे बनवण्याच्या धंद्यात होता. १९०६ च्या सुमारास तळ्यातल्या बेटावर सहल गेली असताना बेस कॅरीला आइसक्रीम खावंसं वाटलं. ओले वल्हवत काठावर गेला आणि परत येईपर्यंत आइसक्रीम वितळलं होतं, अशी गोष्ट सांगतात. होडीला इंजिन लावायचं त्याच्या डोक्यात बसलं ते तिथे. बेस पुढे त्याची बायको झाली. पहिलं यंत्र बघून ती म्हणाली, हे तर कॉफी दळायचं यंत्र दिसतंय!

तसं म्हटलं तर डेट्रॉइटचा कॅमेरॉन वॉटरमन त्याच्याआधीच अशी मोटर विकत होता. पण घराघरांत पोचली ती एव्हिनरूडची. १९०९ चं ते यंत्र दीड अश्वशक्तीचं होतं, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. धंद्याचा पत्रव्यवहार बेसने सांभाळला. वल्ही फेकून द्या, अशी जाहिरातही तिनेच लिहिली. माझ्या मते निम्मं श्रेय तिचं आहे, पण नाव तेवढं नवऱ्याचं लागलं. असो.

वल्ही फेकून दिली खरी, पण वल्ह्याला थंड ठेवावं लागत नव्हतं. इंजिनाला सतत पाणी हवं. त्या काळच्या होडीच्या इंजिनांत बहुधा दट्ट्याचा पंप असे, सायकलच्या पंपासारखा पुढेमागे होणारा. त्याला झडपा लागतात. उथळ पाण्यात वाळूचा कण किंवा शेवाळाचा धागा झडपेत अडकला की पाणी बंद. नुसता पंख्यासारखा फिरणारा पंप घेतला तर वाळूची भीती कमी, पण त्यात आधीच पाणी भरलेलं नसेल तर तो नुसती हवा घुसळत बसतो.

तिसरी वाट फार जुनी आहे. इटलीच्या अगोस्टिनो रामेल्लीच्या १५८८ च्या यंत्रांवरील ग्रंथात असा पंप चितारलेला आहे. गोल घर, त्यात मध्यभागी न बसवता एका बाजूला सरकवून बसवलेलं चाक आणि चाकाच्या खाचांत आतबाहेर सरकणारी पाती. ज्या बाजूला जागा मोठी होते तिथे पाणी आत ओढलं जातं. जागा लहान होते तिथून ते बाहेर ढकललं जातं. झडपेची गरजच नाही. पण सरकणारी पाती कडक असतील तर वाळूने खाचा आणि घर दोन्ही झिजतात.

पातं सरकण्याऐवजी वाकलं तर? म्हणजे रबराचं केलं तर? रबर टिकाऊ करायची गुडइयरची रीत १८३९ पासून माहीत होती. अडचण तेलाची होती. इंजिन म्हटलं की तेल आणि पेट्रोल आलंच, आणि झाडापासून मिळणारं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं.

इथे एक धर्मगुरू कथेत येतो. नोत्र दाम विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे फादर ज्युलियस न्यूलँड अनेक वर्षं अ‍ॅसिटिलीन वायूवर प्रयोग करत होते. १९२५ मध्ये त्यांचं व्याख्यान ड्युपाँ कंपनीच्या एल्मर बोल्टनने ऐकलं आणि पुढे कंपनीने ते काम उचललं. १९३० च्या एप्रिलमध्ये वॉलेस कॅरोथर्सच्या गटातल्या अर्नोल्ड कॉलिन्सच्या हाती एक रबरासारखा पदार्थ लागला. आपण त्याला निओप्रीन म्हणतो. महाग होता, सुरुवातीला वासही घाणेरडा होता, पण तेलाला दाद देत नव्हता. न्यूलँडनी अपरिग्रहाचं व्रत घेतलेलं असल्यामुळे त्यांच्या वाट्याचे पैसे विद्यापीठाला गेले. कॅरोथर्सची कथा मात्र वाचवत नाही. नायलॉनही त्याच्याच गटाचं, १९३५ चं. पण मनाच्या आजाराने तो पोखरला होता. १९३७ च्या जानेवारीत बहीण गेली आणि एप्रिलमध्ये त्याने आपलं आयुष्य संपवलं. वय ४१. त्याची मुलगी जन्मली ती त्यानंतर, नोव्हेंबरात.

रबरी पात्यांचे पंप तिसच्या दशकाच्या अखेरीपासून होड्यांत आले, ते अजून आहेत. इंजिन हळू चालत असताना पाती घराच्या भिंतीला टेकून रामेल्लीच्या पंपासारखं पाणी उचलतात. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने ती मागे वाकतात, भिंतीपासून सुटतात आणि तोच पंप पंख्यासारखा काम करू लागतो. वाळूचा कण आला तर पातं वाकून त्याला वाट देतं. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी एकटाच हसलो.

पण वाकणाऱ्याला वाकण्याची किंमत द्यावी लागते. हिवाळाभर होडी उभी राहिली की दबलेली पाती त्याच आकारात अवघडून बसतात. पाण्याशिवाय इंजिन चालवलं तर पंपाला पाण्याचं वंगण मिळत नाही आणि रबर थोड्याच वेळात जळतं. म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी ते बदलायचं. भाच्याने तसं करतानाचे फोटो पाठवले. खालचा भाग बोल्ट काढून उतरवायचा, पंपाचं घर उघडायचं, जुनं चक्र दांड्यावरून ओढून काढायचं, त्याला फिरवणारी छोटी चावी हरवू द्यायची नाही. नव्याला साबणाचं पाणी लावायचं आणि दांडा त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत घर खाली दाबायचं, म्हणजे सगळी पाती एकाच बाजूला वळतात. नंतर पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून बघायचं. मागच्या छोट्या भोकातून पाण्याची बारीक धार पडली की पंप चालतोय. तळ्यातही अधूनमधून मागे वळून ती धार बघायची असते.

या वेळच्या जुन्या चक्राला पाचच पाती होती. सहाव्याचा तुकडा इंजिनाच्या वाटेत कुठेतरी अडकलेला असणार आणि तो तसाच ठेवला तर नव्या पंपाचाही उपयोग नाही. चक्र बदलायला त्याला एक तास लागला, तुकडा शोधायला तीन. शेवटी तो वर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी मिळाला, नखाएवढा.

एव्हिनरूड १९३४ मध्ये गेला, बेस त्याच्या आदल्या वर्षी. त्याच्या नावाच्या मोटरी २०२० पर्यंत बनत होत्या. भाच्याची मोटर दुसऱ्या कंपनीची आहे, पण शेजारच्या आजोबांकडे एक जुनी एव्हिनरूड आहे. तिचा इम्पेलर अजून बाजारात मिळतो आणि दर मे महिन्यात ते तो स्वतः बदलतात.