चिलखतावरचा पोचा

सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपांतील कारागीर नव्या चिलखतावर स्वतःच गोळी झाडीत आणि छातीवर पडलेला पोचा मुद्दाम तसाच राखीत. गोळी आरपार गेली नाहीं, ह्याची ती ग्वाही! पण दारू किती घातली, नेम किती अंतरावरून धरला, हें पोचा सांगत नसे. निम्म्या दारूनेंही पोचा पडतोच. जीव जाई तो मात्र गिऱ्हाइकाचा.

उणीव होती ती मापाची. गोळीचा वेग मोजावयाचा कसा? बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञानें १७४२ सालच्या आपल्या ग्रंथांत युक्ति सांगितली. पुढच्या बाजूस लाकूड बसविलेला लोखंडाचा जड लंबक टांगावयाचा. गोळी त्यांत रुतली कीं तो मागें झुले. किती झुलला तें खालीं बांधलेली फीत दाखवी. दोहोंचीं वजनें ठाऊक असल्यानें वेगाचें गणित सुटे. तो निघाला सेकंदाला १,५०० फुटांहून अधिक! शिवाय हवेचा अडथळा त्या काळच्या समजुतीहून फारच मोठा ठरला. म्हणजे दुरून गोळी झाडून घेतलेली चिलखताची परीक्षा जवळच्या गोळीपुढें फोल.

रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत हिंदुस्थानांत आला व १७५१ सालीं कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यांत वारला. चिलखताच्या आजच्या परीक्षेंत लंबकाची जागा विजेच्या उपकरणांनीं घेतली आहे. पण गोळीचा वेग आधीं नोंदला जातो, पोचा मागाहून पाहतात.