डब्लिनचा काचचित्र-वर्ग आणि त्यातील विद्यार्थ्यांची प्रगती

कलाशाळेतील एखाद्या वर्गाचा इतिहास लिहावयास घेतला की पहिली अडचण येते ती पुराव्याची. पारितोषिकांच्या याद्या, शिष्यवृत्त्या आणि प्रदर्शने यांची नोंद राहते. विद्यार्थ्याचा हात कसा वळत गेला याची राहत नाही. रंगीत काचचित्रांच्या बाबतीत तर ही अडचण दुणावते. चर्चच्या गवाक्षात बसविलेली कृती पुष्कळदा पाचसहा जणांच्या हातची असते व नाव मात्र एकाचेच लागते. अशा स्थितीत विद्यार्थ्याची प्रगती मोजावयाची कशावरून? डब्लिनच्या मेट्रोपॉलिटन स्कूल ऑफ आर्टमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेला काचचित्र-वर्ग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे; कारण तेथे प्रगतीचे माप बाहेरून लावलेले नव्हते, ते शिक्षणपद्धतीतच गृहीत धरलेले होते.

या पद्धतीचा उगम इंग्लंडात शोधावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्ययुगीन वळणाच्या चर्चबांधणीमुळे काचचित्रांना मोठी मागणी आली, आणि ती पुरविणाऱ्या कारखान्यांत श्रमविभाग पराकोटीस गेला. एकाने आकृती रेखाटावी, दुसऱ्याने काच कापावी, तिसऱ्याने चेहरे रंगवावे, चौथ्याने वस्त्रे, आणि कोणा पाचव्याने शिशाच्या पट्ट्यांत सारे गुंफावे, असा क्रम होता. ख्रिस्तोफर व्हॉल (१८४९–१९२४) हा प्रथम अशाच व्यवस्थेत केवळ आराखडे पुरविणारा कलावंत होता. कागदावर काढलेले काचेत उतरताना निर्जीव होते, हा अनुभव त्याने घेतला आणि डॉर्किंगनजीक राहावयास जाऊन एका गोठ्यात कार्यशाळा थाटली. कापण्यापासून भाजण्यापर्यंतची सारी कामे तो तेथे स्वतः शिकला. वयाची चाळिशी जवळ आलेल्या, नाव मिळविलेल्या चित्रकाराने हिरकणी हाती धरून पुन्हा उमेदवारी पत्करावी, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे १८९६ मध्ये लंडनला सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स निघाले, तेव्हा तेथील काचचित्रांचे अध्यापन त्याच्याकडे आले.

व्हॉलची अध्यापनाची रीत त्याने १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून स्पष्ट होते. या पुस्तकाची रचनाच बोलकी आहे. आरंभ चित्रकल्पनेपासून होत नाही. काच कापण्याच्या हत्यारांपासून होतो. कापणे व रंगविणे हे दोन्ही विषय त्यात दोनदा येतात, प्रथम प्राथमिक आणि नंतर प्रगत. शिकाऊ विद्यार्थी एक पायरी ओलांडून दुसरीवर जातो असे येथे मानलेले नाही. तोच विद्यार्थी त्याच कामाकडे अधिक जाणत्या हाताने परत येतो, असे मानले आहे.

ही कामे कोणती, हे थोडे विस्ताराने पाहणे अवश्य आहे, कारण प्रगतीचा प्रश्न अखेर याच तपशिलात आहे. प्रथम खिडकीच्या मापाचा पूर्णाकृती आराखडा काढावयाचा. त्यावरून शिशाच्या रेषा निराळ्या उतरून घ्यावयाच्या. मग त्या रेषांबरहुकूम रंगीत काचेचे तुकडे कापावयाचे. येथेच नवख्याची परीक्षा होते. कागदावर कसलीही वळणे घेता येतात; पण खोल अंतर्वक्र आकार कापताना काच भलतीकडेच तडकते, आणि आपला आराखडा काचेचा स्वभाव न ओळखता काढला होता हे विद्यार्थ्यास कळते. कापलेले तुकडे मेणाने मोठ्या साध्या काचेवर चिकटवून उजेडासमोर उभे करावयाचे, त्यांवर लोहभस्म व काचेची पूड यांचा गडद रंग द्यावयाचा आणि तो भट्टीत भाजून पक्का करावयाचा. या रंगाचे काम रंग देण्याचे नसून प्रकाश अडविण्याचे आहे. काचेला तिचा रंग आधीच असतो. कागदावर छायाप्रकाश शिकलेल्या विद्यार्थ्यास ही उलटी रीत अंगवळणी पडण्यास वेळ लागतो. भट्टीतून निघालेले तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाखले व फटींत लुकण भरले म्हणजे खिडकी पुरी होते. यांतील एकही काम दुसऱ्यावर सोपवावयाचे नाही, हा व्हॉलच्या शिकवणीचा गाभा होय.

आयर्लंडमध्ये ही शिकवण गेली ती एका तक्रारीच्या पोटी. तेथील नव्या कॅथलिक चर्चमध्ये लागणारी काचचित्रे म्यूनिक आणि इंग्लंड येथील कारखान्यांतून येत. नाटककार एडवर्ड मार्टिन यास हे खटकत असे; त्याने चित्रकर्त्री सेरा पर्सर हिच्याशी मिळून स्वदेशी काचचित्रांची खटपट चालविली. पाचारण व्हॉलला होते. तो स्वतः गेला नाही. त्याने आपला शिष्य आल्फ्रेड अर्नेस्ट चाइल्ड यास धाडले. चाइल्डने कलाशाळेत वर्ग घेतला, आणि जानेवारी १९०३ मध्ये पर्सरने ‘अन तूर ग्लोइने’, म्हणजे ‘काचेचा मनोरा’, ही कार्यशाळा उघडली तेव्हा तिची व्यवस्थाही त्याच्याकडेच आली. वर्ग आणि कार्यशाळा यांच्या मधली भिंत अशा रीतीने प्रथमपासूनच पातळ होती. एक खिडकी आरंभापासून शेवटपर्यंत एकाच कलावंताने करावयाची, हा कार्यशाळेचा नियम होता. मायकेल हीली, कॅथरिन ओब्रायन, एथेल ऱ्हिंड यांची कामे आज निरनिराळी ओळखता येतात, ती या नियमामुळेच.

चाइल्डचा सर्वांत नामांकित विद्यार्थी हॅरी क्लार्क (१८८९–१९३१) हा मात्र ‘मनोऱ्या’चा नव्हे. चर्चच्या सजावटीची कामे घेणाऱ्या जोशुआ क्लार्कचा हा मुलगा दिवसा बापाच्या कारखान्यात काम करी व रात्रीच्या वर्गात चाइल्डकडे शिके. १९१० मध्ये शिष्यवृत्ती मिळून तो पूर्ण वेळ विद्यार्थी झाला. त्या वर्षी केलेल्या ‘संत पॅट्रिकच्या हस्ते संत मेलचा बिशपपदी अभिषेक’ या फलकास १९११ च्या साउथ केन्सिंग्टन येथील राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. १९१२ व १९१३ या दोन्ही वर्षी ते पुन्हा त्यालाच मिळाले. हे यश निर्विवाद आहे. तथापि केवळ पदकांवरून वर्गाची थोरवी ठरविणे घाईचे होईल. क्लार्कला कारखान्याची व्यवहारी माहिती घरीच मिळत होती. वर्गाने दिले ते काचेकडे स्वतंत्र कलावंताच्या नजरेने पाहण्याचे धैर्य.

साउथ केन्सिंग्टनचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट येथेच नमूद करणे योग्य ठरेल. मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे शिक्षणही त्याच वळणावर चाले. १८६५ मध्ये तेथे आलेले लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स हे दोघेही साउथ केन्सिंग्टनशी संबंधित होते. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कोरीव कामास या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले, परंतु विद्यापीठाच्या ग्रंथालयातील काचचित्रे इंग्लंडमधूनच आली. डब्लिनला जी तक्रार झाली, तिला मुंबईतही जागा होती.

चाइल्डच्या वर्गाचे खरे फलित पाहावयाचे तर कॉर्क येथील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या होनन प्रार्थनामंदिरात जावे लागते. १९१६ मध्ये अभिषिक्त झालेल्या या लहानशा वास्तूत १९ खिडक्या आहेत. ८ ‘काचेच्या मनोऱ्या’च्या आणि ११ क्लार्कच्या. मनोऱ्याच्या खिडक्यांपैकी काही खुद्द चाइल्डच्या आहेत. गुरू आणि शिष्य एकाच छताखाली, एकाच उजेडात, समोरासमोर पाहावयास मिळण्याचा योग इतिहासाच्या अभ्यासकास क्वचितच लाभतो. चाइल्डची रचना शांत, मोकळी, व्हॉलच्या परंपरेतील आहे. पांढरी काच तिच्यात भरपूर श्वास घेते. क्लार्कची गोब्नेट ही संता, जिच्या कथेत मधमाश्या येतात, गडद निळ्या वस्त्रांत व मधाच्या पोळ्यासारख्या षट्‌कोनी काचांत उभी आहे. दुपदरी काचेवरील रंगाचा थर आम्लाने कमीअधिक उतरवून एकाच तुकड्यात अनेक छटा आणण्याची त्याची हातोटी येथे कळसास पोचली आहे. शिष्याने गुरूचे अनुकरण केले नाही, हे पाहताक्षणीच कळते. एकाच हाताने शेवटपर्यंत काम करण्याचा गुरूचा नियम मात्र त्याने येथे जवळजवळ तंतोतंत पाळला. तो पाळला नसता तर असल्या बारीक कामाची कल्पना आराखड्यावरच राहिली असती.

पुढे हाच नियम क्लार्कला पेलला नाही. १९२१ मध्ये वडील वारले, कारखान्याचा भार त्याच्यावर आला, मागणी वाढली व क्षयाने प्रकृती ढासळली. साहाय्यकांच्या हाती काम जाणे अपरिहार्य झाले. त्यामुळे त्याच्या अखेरच्या वर्षांतील खिडक्यांत त्याचा हात किती व इतरांचा किती, हा प्रश्न संशोधकांपुढे उभा राहतो. ज्या श्रमविभागाविरुद्ध व्हॉलने बंड केले, तोच त्याच्या शिष्याच्या सर्वांत गुणी विद्यार्थ्याच्या दारी यशाच्या पावलांनी आला.

वर्गाची दुसरी शाखा याहून शांतपणे वाढली. बेलफास्टची विल्हेल्मिना गेडिस १९१२ मध्ये ‘मनोऱ्या’त आली, आणि १९२५ मध्ये लंडनला गेली. तिच्या काचेतील माणसे करडी, खडकातून घडविल्यासारखी असतात. १९३० नंतरच्या काही वर्षांत ईव्ही होन ही डब्लिनची चित्रकर्त्री लंडनला जाऊन तिच्याकडे काच शिकली आणि परत येऊन ‘मनोऱ्या’त दाखल झाली. १९४४ मध्ये ती कार्यशाळा बंद पडली तेव्हा होनने डब्लिनजवळ रॅथफार्नम येथे आपली स्वतंत्र कार्यशाळा चालविली. १९४० च्या बाँबवर्षावात ईटन कॉलेजच्या प्रार्थनामंदिराची काच नष्ट झाली होती; तेथील पूर्वेकडील विशाल खिडकी होनने १९४९ ते १९५२ या काळात याच कार्यशाळेत तयार केली.