‘झेड’ अक्षराची नोट

मुंबईत जुन्या नोटा जमवणाऱ्यांकडे क्वचित दहा रुपयांची एक निराळी नोट पाहायला मिळते. अशोकस्तंभ, रिझर्व्ह बँकेचे नाव, गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांची सही, सारे ओळखीचे. रंग मात्र परका, आणि क्रमांकाआधी रोमन ‘झेड’. भारताने छापलेली ही नोट भारताच्या बाजारात चालत नव्हती. ती होती आखातासाठी.

आखाताचा आणि रुपयाचा संबंध तेलापेक्षा जुना. बहारीन-कुवेतचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. तांदूळ, कापड, लाकूड इकडून तिकडे जाई. तिथला इंग्रजी कारभारही हिंदुस्थानातून चाले. टपालाची तिकिटे १९४८ पर्यंत हिंदुस्थानचीच, वर फक्त ‘कुवेत’ किंवा ‘बहारीन’ असा छाप. १९३२ मध्ये बहारीनला तेल लागले. तेव्हापासून बी. आय. कंपनीच्या बोटीने मुंबईहून तिकडे गेलेल्या कारकुनाला, फिटरला, खानसाम्याला पगार रुपयांतच मिळे आणि घरी रुपयेच पाठवायचे असत. परदेशी राहूनही विनिमयदर हा शब्द त्याच्या कानावर पडण्याचे कारण नव्हते.

हे बिघडले ते सोन्याने. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर बंदी राहिली आणि मुंबईतला भाव जागतिक भावाच्या बराच वर गेला. दुबईत मात्र सोने उघड विकत मिळे. दहा तोळ्यांची बिस्किटे गलबतांतून रात्री आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि मोबदल्यात नोटांची बंडले परत जात. तिथल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे धाडून पौंड मागत. नियमाप्रमाणे ते द्यावे लागत. म्हणजे चोरट्या सोन्याची किंमत शेवटी सरकारी गंगाजळीतून चुकती होई! दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत परकीय चलनाची चणचण भासू लागल्यावर हे भोक बुजवणे भाग पडले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. हजयात्रेकरूंसाठीही अशाच निराळ्या नोटा होत्या.

दोन्ही रुपयांचा भाव एकच ठेवला होता. पण आता बचत खिशात घालून बोटीवर चढण्यात अर्थ उरला नाही; बँकेची पायरी चढावी लागली. शिवाय आखातातले राज्यकर्तेही सावध झाले. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला, एका पौंडाच्या म्हणजे तेरा रुपये तेहतीस पैशांच्या भावाने. बहारीनने १९६५ मध्ये दहा रुपयांना एक दिनार ठरवला. कतार, दुबई, मस्कत रुपयावरच राहिले.

५ जून १९६६, रविवार. रात्री अर्थमंत्री सचिंद्र चौधरी यांनी अवमूल्यन जाहीर केले. डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर, पौंड १३.३३ वरून २१ वर गेला. या प्रसंगाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, ते बहुतेक दिल्लीच्या राजकारणाच्या आणि अमेरिकी मदतीच्या अंगाने. आखातातल्या नोकरदाराचा हिशोब त्यात सहसा येत नाही.

तो मांडून पाहावा. बहारीनमधल्या एकाने आपल्या हजार रुपयांचे १९६५ मध्ये शंभर दिनार करून तसेच ठेवले असतील, तर आठ महिन्यांनी, जून १९६६ मध्ये, घरी पाठवताना त्याला १५७५ रुपये मिळाले असते. त्याच्या शेजाऱ्याने मेमध्येच हजार रुपये गावी धाडले असतील, तर ते हजारच. दुबईत तर ज्या चलनात मजुरी आणि बचत दोन्ही होती, तेच चलन एका रात्रीत तिऱ्हाइताच्या निर्णयाने उतरले. दुबई आणि कतार यांनी त्याच वर्षी अवमूल्यनापूर्वीच्या रुपयाइतका रियाल काढला. अबू धाबीने बहारीनचा दिनार पत्करला. मस्कतमध्ये आखाती रुपया १९७० पर्यंत रेंगाळला.

त्यानंतर तिकडे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडू लागला : साठवायचे कशात? सरकारने १९७० मध्ये अनिवासी भारतीयांसाठी रुपयांतली बाह्य खाती सुरू केली. ती पुरेशी वाटेनात, कारण रुपया घसरण्याची भीती तशीच होती. १९७५ मध्ये डॉलर-पौंडांत ठेवी घेणारी खाती आली. त्यांत रुपया घसरला तर भार रिझर्व्ह बँकेने सोसायचा होता. ठेवीदाराची चिंता मिटली, ती सार्वजनिक तिजोरीने घेतली. १९९०–९१ मध्ये ठेवी भराभर काढल्या गेल्या, जुलै १९९१ मध्ये रुपया पुन्हा उतरवावा लागला आणि त्या हमीची किंमत कळली. १९९३ च्या नव्या योजनेत ती जोखीम बँकांकडे गेली.

परकीय चलनात ठेवले की सुरक्षित, हेही १९९० च्या ऑगस्टपर्यंतच खरे वाटत होते. इराकने कुवेत गिळल्यावर अम्मानमार्गे मुंबईला विमानाने आणलेल्या लाखाहून अधिक भारतीयांतल्या कित्येकांजवळ कुवेती दिनार होते. जगातल्या सर्वांत महाग चलनांपैकी ते एक, आणि ते मोडून देणारा कोणी मिळेना.

दुबईत १९७३ पासून दिरहम आहे. तिथली जुनी अरब माणसे बाजारात भाव सांगताना अजूनही त्याला ‘रुबिया’ म्हणतात.