चपटे मासे : लेप आणि भाकस

समुद्रतळाशी एका कुशीवर पडून राहणाऱ्या अस्थिमत्स्यांचा गण. शास्त्रीय नाव प्लुरोनेक्टिफॉर्मिस. कोकण किनाऱ्यावर यांतले दोन मासे विशेष ओळखीचे : जिभेच्या आकाराचा लेप (सायनोग्लॉसस) आणि मोठ्या तोंडाचा, तीक्ष्ण दातांचा भाकस (सेटोडिस इरुमेई). अंड्यातून निघालेल्या पिल्लाला इतर माशांप्रमाणे दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. पुढे अवटू ग्रंथीच्या संप्रेरकामुळे त्याचे रूपांतर होते. कवटी पिळवटते, एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि मासा आडवा होतो. लेपाचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला येतात.

या सरकत्या डोळ्यावरूनच सेंट जॉर्ज मायव्हर्ट यांनी 1871 मध्ये डार्विन यांना अडवले. डोळा थोडाच सरकला तर तो खालच्या बाजूलाच राहणार; मग अर्ध्या वाटेवरच्या पिढ्यांना त्याचा फायदा काय? आक्षेप रास्त होता. डार्विन यांनी आपल्या उत्क्रांतीवरील ग्रंथाच्या 1872 च्या आवृत्तीत दिलेले उत्तर मात्र अपुरे पडते : खालचा डोळा वर वळवण्याच्या पिल्लांच्या धडपडीचा परिणाम वंशात उतरत गेला, असे त्यांनी मानले. सवयीने कमावलेला बदल असा वारशाने मिळत नाही. अधिक भक्कम उत्तर भाकसाच्या डोक्यावरच आहे. त्याचा सरकलेला डोळा डोक्याच्या वरच्या कडेशीच थांबतो, पाठीचा पर डोळ्यांच्या मागून सुरू होतो, आणि काहींचे डोळे डावीकडे तर काहींचे उजवीकडे असतात. तरीही तो पट्टीचा शिकारी आहे. म्हणजे अपुरा प्रवास केलेला डोळाही कामाचा ठरतो.

यावर म्हणता येईल की भाकस आजचा मासा आहे, पूर्वज नव्हे. शिवाय काही जनुकीय अभ्यास त्याचा वंश इतर चपट्या माशांहून वेगळा मानतात. पहिल्या मुद्द्याला जीवाश्म उत्तर देतात. उत्तर इटलीतील सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टिस या माशांच्या प्रौढ कवट्या मॅट फ्रीडमन यांनी 2008 मध्ये तपासल्या. एक डोळा वर चढलेला, पण अजून आपल्याच बाजूला, अशी त्यांची रचना आहे. आजचे काही चपटे मासेही परांच्या आधाराने अंग तळापासून उचलतात. तशा माशाला थोडा वर आलेला डोळाही दृष्टी देतो. दुसरा मुद्दा खरा ठरला, तर आडवे होण्याची ही वाट निसर्गाने दोनदा चोखाळली असे होईल, आणि मायव्हर्ट यांचा आक्षेप आणखीच दुबळा पडेल.