नाव बदलले, इतिहास टिकला

स्मिता पाटील यांचे घराणे शिरपूरचे, म्हणजे खानदेशातल्या चोपड्याला लागूनच असलेल्या तालुक्याचे. 'भूमिका' (१९७७) साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचे कौतुक खानदेशाला आहेच. पण जुन्या सिनेसृष्टीवरचा चित्रपट इतिहासाशी किती इमान राखतो, हे तपासायलाही 'भूमिका'च हाताशी घ्यावा. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो बेतलेला आहे. श्याम बेनेगल यांनी नायिकेचे नाव बदलून उषा ठेवले, काळ मागेपुढे केला, मधूनच रंग काढून घेतले. सनावळीच्या परीक्षेत तो नापासच ठरेल. तरी कमावत्या नटीच्या पैशावर घर चालते आणि त्याच घरात तिचा शब्द चालत नाही, हे स्टुडिओयुगातले वास्तव त्यात जितके उघड दिसते तितके तारखांच्या यादीत दिसणार नाही.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा घडवला हे सांगणाऱ्या, परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त उलट आहे. नावे खरी, घटनाही बहुतेक खऱ्या. चाल मात्र प्रहसनाची, आणि गोष्ट यशापाशीच थांबते. कोणी म्हणेल, चोपड्याच्या प्रेक्षकाला शंभर वर्षांपूर्वीची फिल्मची रसायने आणि कर्जाचे कागद कशाला दाखवायचे? आक्षेप रास्त आहे. स्वतः फाळक्यांनीही १९१३ साली घराघरात ठाऊक असलेली हरिश्चंद्राचीच कथा निवडली आणि पाट्या इंग्रजीबरोबर हिंदीतही दिल्या. सुबोधपणा हा त्यांचाच मार्ग होता. शिवाय 'राजा हरिश्चंद्र'ची आज उरलेली रिळे मूळची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचेच एकमत नाही. मग दिग्दर्शकाने काटेकोरपणा कशाशी ताडून पाहायचा? पण सोपे करणे वेगळे आणि किंमत लपवणे वेगळे. तारामती झालेले अण्णा साळुंके उपाहारगृहात काम करत, आणि 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम व सीता दोन्ही तेच झाले. स्त्रिया पडद्यावर यायला तयार नव्हत्या, एवढे मोकाशींच्या चित्रपटातून कळते, आणि ते हसवतच कळते. फाळक्यांची नाशिकची हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी झालेली फारकत, 'गंगावतरण' (१९३७) हा एकमेव बोलपट आणि १९४४ मधला उपेक्षित मृत्यू, हे सारे मात्र त्या चालीत बसत नाही. ते गाळण्याचा हक्क दिग्दर्शकाला आहे. पण शेवटची एक पाटी लावायला प्रहसनाची आडकाठी नव्हती.