पंगत आणि लंगर

पंगत हा शब्द मराठींत जितका घरचा, तितकाच तो पंजाबींतही आहे. परंतु दोन्ही प्रांतांत त्याचा इतिहास अगदीं निराळा घडला. आपल्याकडे कोणाच्या पंक्तीस कोण बसतो, यावरून जात ओळखली जाई. शिखांच्या गुरूंनीं त्याच पंक्तीस जात विसरावयास लावली.

आल्यागेल्यास अन्न देण्याची रीत कांहीं शिखांनींच काढली असें नव्हे. लंगर हा शब्द फारसींतून आलेला असून सुफी साधूंच्या मठांत अशीं अन्नछत्रें पूर्वींपासून चालत. गुरु नानकांनीं (१४६९–१५३९) रावीकांठीं कर्तारपूर वसवून तेथें या रीतीस नवें वळण दिलें. दुसरे गुरु अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगराचा व त्यांतील तुपाळ खिरीचा उल्लेख खुद्द ग्रंथसाहिबांत आहे. तिसरे गुरु अमरदास (गुरुपद १५५२–१५७४) यांनीं गोइंदवाल येथें, आधीं पंक्तीस बसावें व मगच गुरूंस भेटावें, असा दंडक घातला. अकबर बादशहासही तो पाळावा लागला, असें परंपरा सांगते.

या व्यवस्थेचें मर्म दानांत नाहीं. दान करणारा उंच आसनावरच राहतो. लंगराचा खर्च सर्वांनीं काढून ठेवलेल्या दशमांशांतून चाले. शिजविणारे, वाढणारे व उष्टीं काढणारे हात कोणत्याही जातीचे असत. शिजविणाऱ्याची जात विचारावयाची नाहीं, हीच खरी कसोटी होती.

नामदेवांचीं पदें ग्रंथसाहिबांत आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. एकनाथांनीं श्राद्धाचें अन्न अस्पृश्यांस वाढल्याची कथाही आम्ही भक्तिभावानें सांगत आलों. परंतु तें एका साधूचें धैर्य राहिलें. समाजानें त्याचा दंडक केला नाहीं. हा फरक आम्ही प्रांजळपणें कबूल केला पाहिजे.

मात्र दंडकही आपोआप टिकत नाहीं. १९२० च्या ऑक्टोबरांत अमृतसर येथें अस्पृश्य मानलेल्या जातींतून दीक्षा घेतलेल्या शिखांनीं आणलेला कडाप्रसाद हरिमंदिराच्या पुजाऱ्यांनीं प्रथम नाकारला. वाद माजला, ग्रंथसाहिब उघडून कौल घेतला, तेव्हां तो त्या शिखांच्याच बाजूचा निघाला, आणि प्रसाद स्वीकारावा लागला. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत शिरोमणि गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. ज्या धर्मांत हा नियम जन्मला, तेथेंही तो पुन्हां मिळवावा लागला!

गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं देह ठेवला तो आमच्याच नांदेडास. तेथील गुरुद्वाऱ्यांत लंगर आजही चालतो, आणि कोणासही तेथें जाऊन पंक्तीस बसतां येतें. तेथून घरीं परतल्यावर आपल्या पंक्तीकडे एकवार पाहावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.