उंदीर पडला!

यंदाच्या स्मरणिकेसाठी जुन्या काळाबद्दल काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले आणि मला माझ्या आजेसासूबाई आठवल्या. त्या म्हणत, "अगं, पिलेग आधी केरसुणीला कळायचा!" मला नव्या सुनेला त्याचे हसू येई. अर्थ पुढे कळला.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि पाहता पाहता खेड्यापाड्यांत पोचला. पुण्यातील घरझडत्या आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेली गोळी आपण शाळेत वाचली. त्याच वर्षी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून हडपसरजवळच्या दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले. १० मार्चला त्या गेल्या.

खेड्यातला इतिहास मात्र घरात घडत होता. सकाळी झाडताना कोपऱ्यात मेलेला उंदीर दिसला की "उंदीर पडला!" अशी हाक होई आणि माणसे पीठमीठ, भांडीकुंडी घेऊन रानात झोपड्या घालून राहत.

आजेसासूबाईंच्या माहेरी एका वर्षी त्यांच्या आईनेच असा उंदीर पाहिला. परंतु वडीलधारी मंडळी म्हणाली, "एका उंदरासाठी घर सोडायचे? आधी धान्य पेवात पडू द्या." आठवड्याच्या आत धाकट्या भावाच्या जांघेत गाठ आली. धान्य पेवात पडले, पण मूल राहिले नाही. आईने "मी सांगितले होते" असे जन्मात कधी म्हटले नाही. मात्र त्यानंतर तिच्या शब्दावाचून त्या घरातले पान हलले नाही.

त्या माउलीला ठाऊक नव्हते ते शास्त्राने शोधून काढले होते. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येरसँ याने प्लेगचा जंतू शोधला. १८९८ साली कराचीत सिमाँ याने पिसवेचा संबंध दाखविला. उंदीर मेला, अंग गार पडले की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. म्हणजे मेलेला उंदीर ही धोक्याची घंटाच! घर सोडून रानात जाणारी अडाणी म्हटली गेलेली माणसे शहाणीच होती.

ही गोष्ट फार जुनी झाली असे मात्र मानू नये. बीड जिल्ह्यातील मामला गावात १९९४ च्या ऑगस्टात आधी उंदीर पडले, पिसवांचा त्रास वाढला आणि मग गाठीच्या तापाचे संशयित रोगी आढळले. आज या रोगावर औषधे आहेत. पण ती वेळेवर मिळाली तरच गुण येतो.

म्हणून भगिनींनो, घरात वा गोठ्यात एकाएकी उंदीर मरू लागले तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका. लगेच आरोग्य केंद्राला कळवा. आणि घरातली बाई काही सांगत असेल, तर धान्य पेवात पडेपर्यंत थांबू नका.